मांडवीच्या मुखावरची वाट : पणजीच्या नदीकाठच्या फेरफटक्याचा इतिहास

म्हादई नदी बेळगाव जिल्ह्यातील भीमगडाच्या जंगलात उगम पावते, सह्याद्री उतरून गोव्यात आल्यावर मांडवी या नावाने वाहते आणि उत्तरेकडील आग्वादचे भूशिर व दक्षिणेकडील मिरामार-काबोचा किनारा यांच्यामधल्या रुंद उपसागरातून अरबी समुद्राला मिळते. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे एकमेकांत मिसळते व भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते, त्या प्रवाहाला खाडी म्हणतात. मांडवीत भरती-ओहोटीचा हा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजे गावाच्या आसपासपर्यंत जाणवतो. या खाडीच्या दक्षिण काठावर पणजी वसलेली आहे, आणि रायबंदरपासून पाट्टो, जुने सचिवालय, कांपाल व मिरामार असे करीत पुढे दोनापावलाकडे जाणारी काठालगतची वाट ही या शहराची सर्वांत ओळखीची जागा आहे. सकाळी आणि संध्याकाळी या वाटेवर सावकाश चालणारी माणसे दिसतात. एका बाजूला पाणी, पलीकडे बेतीची वस्ती व रेइश मागुशचा किल्ला, आणि पश्चिमेला उघडे होत जाणारे मुख असा तो देखावा असतो.

हा काठ निसर्गाने असाच दिलेला नाही. खाडीच्या मुखाजवळचा मूळ प्रदेश दलदलीचा, खारफुटीचा आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारा होता. ज्या जमिनीवर आज पदपथ, झाडांच्या रांगा आणि बागा आहेत, तिच्यापैकी बरीचशी बांध घालून किंवा भराव टाकून पाण्यापासून मिळवलेली आहे. म्हणून येथील फेरफटक्याचा इतिहास सांगताना व्हाइसरॉय आणि वास्तुरचनाकार यांच्याआधी बांध घालणाऱ्या गावकऱ्यांकडे वळावे लागते. त्यांचे श्रेय स्मारकांवर कोरलेले नसल्यामुळे ते सहज विसरले जाते, आणि हे विसरणे अन्यायाचे आहे.

खाडीकाठच्या ज्या सखल जमिनी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखल्या जातात, त्यांना गोव्यात खाजण म्हणतात. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालायचे, बांधाच्या बाहेरच्या अंगाला खारफुटी वाढू द्यायची, म्हणजे तिची मुळे लाटांचा मार अंगावर घेतात, आणि बांधामध्ये ठरावीक ठिकाणी लाकडी दारांची झडप बसवायची, अशी ही रचना आहे. या झडपेला मानस म्हणतात. भरतीच्या वेळी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते, आणि त्यामुळे शेतात किती पाणी राहावे यावर माणसाचा ताबा राहतो. अशा जमिनीत पावसाळ्यात, पहिल्या सरींनी मीठ धुऊन गेल्यावर, खारेपण सोसणारे कोरगुट जातीचे भात घेतले जाई. मानशीपाशी जाळे लावून मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. आणि काही तुकड्यांत कोरड्या ऋतूत मीठ पिकवले जाई. या सगळ्याची व्यवस्था गावकारी या संस्थेकडे होती. ज्यांच्या पूर्वजांनी गावची जमीन लागवडीखाली आणली ते गावकार, आणि त्यांची जमीन, बांध व उत्पन्न सामाईकपणे सांभाळणारी ती गावकारी होय. पोर्तुगीज महसूल अधिकारी आफोन्सो मेशिया याने १५२६ साली जे नियमपत्र तयार केले, त्यात तिसवाडीच्या बेटांवरील हे जुने रीतिरिवाज लेखी नोंदवले गेले, यावरून पोर्तुगीज येण्याआधीपासून ही व्यवस्था किती घट्ट रुजलेली होती ते स्पष्ट होते. या बांधांवरून माणसे रोज चालत होती. पण ते चालणे पाण्याची पातळी पाहण्यासाठी, खचलेली जागा भरून काढण्यासाठी, मिठाच्या पाट्या वाहण्यासाठी होते. खाडीकाठची पहिली पायवाट ही अशी श्रमाची पायवाट आहे.

खाडीच्या स्वभावातील आणखी एक गोष्ट या इतिहासाला वळण देणारी ठरली. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की मुखाशी लाटा उसळतात, वाळू सरकून पाण्याखाली आडवा दांडा तयार होतो आणि गलबतांना आत येणे किंवा बाहेर जाणे अशक्य होऊन बसते. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवे पहिल्यांदा जिंकले, आदिलशाही फौजेने ते लवकरच परत घेतले, आणि माघार घेणारे पोर्तुगीज आरमार पावसाळा सुरू झाल्यामुळे मांडवीतच अडकून पडले. मागे शत्रू, पुढे खवळलेला समुद्र, जहाजांवर अन्नाची टंचाई आणि काठावरच्या पणजीच्या ठाण्यातून होणारा तोफांचा मारा, अशा अवस्थेत त्या आरमाराला ऑगस्टपर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आल्बुकेर्कने परत येऊन गोवे कायमचे ताब्यात घेतले. ज्या ठाण्यातून तो मारा झाला ती आदिलशाही वाड्याची जागा म्हणजे आजचे जुने सचिवालय होय. नदीकडे तोंड करून उभी असलेली ही इमारत पुढे अनेकदा बदलली, वाढवली गेली, तरी पणजीच्या काठाचा सगळा आराखडा तिच्याभोवतीच आखला गेला आहे.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत राजधानी पणजीत नव्हती. ती नदीच्या वरच्या अंगाला, आज जुने गोवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात होती. १५८३ ते १५८८ या काळात आर्चबिशपच्या पदरी नोकरीस असलेला डच प्रवासी लिन्सखोटेन याने १५९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेथील रस्त्यांवरील चालण्याचे वर्णन आले आहे. प्रतिष्ठित पोर्तुगीज पुरुष अतिशय संथ पावले टाकीत, डोक्यावर गुलामाने धरलेली छत्री आणि मागे नोकरांचा ताफा अशा थाटात चालत, असे तो सांगतो. त्या काळी सावकाश चालणे हे दर्जाचे चिन्ह होते, आणि त्याला गुलामगिरीचा आधार होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. नदीचा आनंद मात्र तेव्हा चालून घेतला जात नसे. त्यासाठी मचव्यातून जलविहार केला जाई, आणि जमिनीवरून जायचे झाल्यास पालखी किंवा माचिला वापरली जाई. माचिला म्हणजे बांबूला टांगलेली, भोयांनी खांद्यावरून वाहून न्यायची झोळीवजा डोली. नदीकाठ हा जहाजांचा, गुदामांचा, जकातीचा आणि आरमारी कारखान्याचा होता; तेथे रमतगमत फिरावे अशी जागा उरलेली नव्हती.

पणजी आणि रायबंदर यांच्यामधल्या खाजणांवरून आणि मिठागरांवरून जाणारा सेतुमार्ग मिगेल द नोरोन्य, अर्थात लिन्यारिशचा काउंट, हा व्हाइसरॉय असताना १६३३-३४ मध्ये बांधण्यात आला, आणि खाडीकाठच्या चालण्याचे स्वरूप बदलण्यास तेथून सुरुवात झाली. सुमारे ३.२ किलोमीटर लांबीचा हा जांभ्या दगडाचा मार्ग कित्येक शतके आशियातील सर्वांत लांब पुलांमध्ये गणला जात असे, आणि आजही त्यावरून वाहने धावतात. त्याची खरी करामत लांबीपेक्षा त्याच्या कमानींत आहे. त्या कमानींमधून भरतीचे पाणी आतल्या मिठागरांकडे जाऊ शकत होते, म्हणजे बांधणाऱ्यांनी खाडीला पूर्णपणे अडवले नव्हते, आणि खाजणांच्या जुन्या तत्त्वाशी, पाण्याला वाट देऊन त्याच्यावर नियंत्रण ठेवण्याच्या तत्त्वाशी, त्यांचे काम जुळणारे होते. एका बाजूला नदी व पलीकडची चोडण बेटाची हिरवी रेघ, आणि दुसऱ्या बाजूला मिठाच्या पांढऱ्या ढिगांनी भरलेले चौकोनी वाफे, असा देखावा पायी जाणाऱ्याला प्रथमच सलगपणे पाहता येऊ लागला. मार्गाचा हेतू दळणवळण हाच होता, परंतु पुढे फेरफटक्यासाठी जो काठ वापरात आला, त्याचे पूर्वेकडचे टोक या कामाने तयार झाले.

याच शतकात खाडीच्या ओहोटीचा वापर मराठ्यांनीही केला. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने ओहोटीची रात्र साधून, पाणी उतरलेल्या पात्रातून जाऊन, जुवें बेटावरील किल्ला घेतला, आणि तो सोडवायला आलेल्या व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटला जखमी होऊन माघारी फिरावे लागले. भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा वाहून जाऊ लागला असता खंडो बल्लाळ चिटणिसांनी त्यांना वाचवले, ही मराठी परंपरेतील कथा याच खाडीशी जोडलेली आहे. वेळ चुकल्यास पायाखालची वाट नाहीशी होते, हे ज्ञान काठावरच्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना नेहमीच होते. त्या मोहिमेत ते दोन्ही सैन्यांना शिकावे लागले.

जुन्या गोव्यात साथींनी वस्ती ओस पडत गेली. तेथील विहिरींचे पाणी दूषित झाले, लोक शहर सोडून जाऊ लागले, आणि १७५९ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ एगा याने आपले निवासस्थान पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवले. लिस्बनच्या सरकारला जुने शहर पुन्हा वसवण्याची इच्छा होती, पण ते प्रयत्न फसले. तरीही पणजी त्या वेळी एक लहानसे गाव होते. टेकडी आणि नदी यांच्यामध्ये दलदल, नारळीची आगरे आणि मच्छीमारांच्या झोपड्या होत्या. १८२६ ते १८३५ या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने दलदली बुजवून, रस्ते आखून आणि सरकारी इमारती उभारून त्याचे शहर बनवण्यास हात घातला. काठावरच्या ज्या मोकळ्या मैदानाला कांपाल म्हणतात, ते त्याच्याच नावाने ‘कांपाल द दों मानुएल’ म्हणून ओळखले जाई. १८४३ साली राजाज्ञेने पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला, त्याच्या आदल्या वर्षी वैद्यकीय शिक्षणाची शाळा स्थापन झालेली होती, आणि या संस्थेची पुढची भव्य इमारत नदीकडे तोंड करूनच उभी राहिली. नदीला पाठ न देता तिच्यासमोर दर्शनी भाग ठेवणे, हा या नव्या शहराचा सर्वांत चांगला निर्णय मानावा लागतो. कारण त्यामुळेच काठ गुदामांच्या मागे झाकला गेला नाही आणि सार्वजनिक राहिला.

युरोपात अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत शहरांच्या कडेला झाडांच्या रांगा लावून संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी रुंद मार्ग काढण्याची रीत रूढ झाली होती, आणि पोर्तुगीज नोकरवर्गाने ती पणजीत आणली. दुपारचे ऊन उतरल्यावर कुटुंबासह बाहेर पडणे, ओळखीच्यांना अभिवादन करीत काठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणे, आणि चर्चजवळच्या सार्वजनिक बागेत, जिला पुढे गार्सिया द ओर्ता या सोळाव्या शतकातील वैद्याचे नाव मिळाले, तेथील चौथऱ्यावर वाद्यवृंद वाजत असेल तर थांबून ऐकणे, असा तो क्रम होता. १८४७ साली मुंबईहून पातेमारीत बसून, म्हणजे शिडाच्या किनारी गलबतातून, आलेल्या रिचर्ड बर्टनने १८५१ च्या आपल्या पुस्तकात पणजीचे चित्र रेखाटले आहे. त्यात माचिला अजून वापरात असल्याचे दिसते, म्हणजे चालण्याची नवी रीत आणि वाहून नेण्याची जुनी रीत त्या काळात शेजारी शेजारी नांदत होत्या.

हा फेरफटका सर्वांचा कितपत होता, हा प्रश्न येथे विचारायलाच हवा. पणजीत महालक्ष्मीचे मंदिर उभारण्यास १८१८ साली परवानगी मिळाली, आणि जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ताब्यात घेतलेल्या तालुक्यांत, हिंदूंना अशी मुभा मिळण्याची ही फार मोठी घटना होती. व्यापारी आणि कारकुनी पेशातील हिंदू कुटुंबे शहरात वाढत गेली, तरी कायद्याने समान नागरिकत्व त्यांना १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावरच लाभले. काठावर संध्याकाळी दिसणाऱ्या पोशाखी मंडळींमध्ये अधिकारी, चर्चशी संबंधित लोक, शिकलेले ख्रिस्ती गोवेकर यांचा भरणा अधिक असावा असे मानण्यास जागा आहे. मासे विकणाऱ्या स्त्रिया, तरीवरचे नावाडी आणि मिठागरांतील मजूर त्याच वाटेने त्याच वेळी घरी परतत, परंतु त्यांच्या चालण्याला फेरफटका म्हणण्याची कोणाला सवय नव्हती.

कांपालच्या पुढे, जेथे नदी रुंदावून समुद्राची होते, तेथे गास्पार दियश नावाच्या गृहस्थाच्या जागेवरून ओळखला जाणारा किनारा होता, आणि मुखाच्या रक्षणासाठी तेथे एक किल्ला बांधलेला होता. समोरचा रेइश मागुश १५५१ साली आणि आग्वाद १६१२ साली पुरा झाला. १६३७ पासून काही वर्षे डच आरमाराने कोरड्या ऋतूत मुख रोखून धरले, तेव्हा या तोफांचे महत्त्व सिद्ध झाले होते. दोन्ही काठांवरून तोफांनी मुख आवळायचे, हे त्यामागचे तर्कशास्त्र. १८३५ साली बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा या पहिल्या गोवेकर प्रशासकाविरुद्ध लष्कराने केलेल्या उठावाच्या धामधुमीत गास्पार दियशचा किल्ला जाळला गेला, तेथील सैनिकांची कत्तल झाली, आणि पुढे त्या वाळूवर लष्करी वास्तूऐवजी हवा खाण्याची जागा आकाराला आली. तिला मिरामार, म्हणजे समुद्राकडे पाहणारी, हे नाव मिळाले. उत्तरेच्या भूशिरावर १८६४ साली दीपस्तंभ पेटू लागला, आणि काठावरून चालणाऱ्यांना काळोख पडल्यावरही मुख कोठे आहे ते कळू लागले.

मुंबई आणि कोकणातील मराठी माणसांचा या काठाशी संबंध आला तो मुख्यतः आगबोटीमुळे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला पोहोचत असे. मुखाशी वाळूचा दांडा असल्यामुळे ही वाहतूक फक्त कोरड्या ऋतूत चाले. पावसाळ्यात बंदर बंद राही. त्यामुळे काठावरच्या फेरफटक्यालाही ऋतू होते. बोट येण्याच्या दिवशी धक्क्यावर गर्दी होई, नोकरीनिमित्त मुंबईत राहणारे गोवेकर घरी येत, आणि जे कोणाला आणायला आलेले नसत तेही बोट पाहण्यासाठी थांबत. १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यामधली वाहतूक बंद झाल्यावर हे दळणवळण तुटले, १९६१ च्या मुक्तीनंतर पुन्हा सुरू झाले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही जुनी आगबोट सेवा थांबली. लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसनाही हाच नियम पाळावा लागे. कोरड्या ऋतूत त्या आग्वादच्या मुखातून बाहेर पडून मुरगावकडे जात, आणि पावसाळ्यात कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरत.

मुक्तीनंतर काठालगतच्या मुख्य रस्त्याला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे नाव देण्यात आले, आणि १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मिरामारच्या किनाऱ्यावरच त्यांची समाधी बांधली गेली. चार्ल्स कोरिया यांनी कांपालला कला अकादमीची इमारत आखली, ती १९८३ च्या सुमारास पूर्ण झाली. रस्त्यावरून चालत आलेल्या माणसाने दाराशी न अडखळता इमारतीच्या छायेतून थेट नदीपर्यंत जावे, म्हणजे कांपालचा फेरफटका वास्तूच्या आतूनही चालू राहावा, अशी ती रचना होती, आणि तिच्यातील मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव दिलेले आहे. पणजीच्या काठावर विसाव्या शतकात झालेल्या बांधकामांत इतका नदीचा विचार केलेले दुसरे काम दाखवणे कठीण आहे.

१९७० मध्ये खुला झालेला मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि नवा पूल १९९२ मध्ये तयार होईपर्यंत उत्तर काठाशी संबंध ठेवण्यासाठी शहर पुन्हा एकदा फेरीबोटींवर अवलंबून राहिले. बेती आणि चोडण येथील फेऱ्या आजही चालू आहेत. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जाणाऱ्या फेरीतून उतरल्यावर १९८८ मध्ये जाहीर झालेले, १७८ हेक्टरांचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते, जेथे खारफुटीतून जाणारी वाट भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच चालावी लागते. पाट्टोच्या भागात पूर्वीच्या खाजणांवर भराव घालून कचेऱ्या उभ्या राहिल्या आहेत, आणि कांपालसमोर नांगरलेली कॅसिनोंची मोठी जहाजे संध्याकाळी नदीचा पट झाकून टाकतात. शहराच्या सार्वजनिक काठावरून दिसणारे पाणी खाजगी व्यवसायाने असे व्यापून टाकणे योग्य नाही. लिन्यारिशच्या सेतूच्या दक्षिणेकडील जी मिठागरे आणि खाजणे पडीक झाली आहेत, त्यांच्यात बांध फुटलेल्या ठिकाणी खारफुटी परत वाढली आहे. जेथे बांध अजून टिकून आहेत, तेथे तो खचला की त्याच हंगामात चिखल व दगड घालून बुजवावा लागतो, कारण पुढच्या उधाणाला पाणी आत शिरले तर शेत पुन्हा गोडे व्हायला कित्येक पावसाळे लागतात.